शितावरून भाताची परीक्षा : घरगुती कन्सोल आणि खेळांचे ‘डेमो’

बाजारात आंबा घेताना फोड चाखता येते, कापड घेताना पोत बोटांनी पाहता येतो, पुस्तक घेताना चार पाने उलटता येतात. दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळायच्या कन्सोलवरील व्हिडिओ गेमची गोष्ट मात्र बराच काळ निराळी होती. खोक्यावरचे चित्र, मासिकातले परीक्षण आणि मित्राचे मत एवढ्याच भरवशावर मोठी रक्कम मोजावी लागे. प्लेस्टेशन ५ भारतात आल्यावर सोनीच्या स्वतःच्या नव्या मोठ्या खेळांची छापील किंमत ४,९९९ रुपयांपर्यंत पोहोचली. एवढ्या किमतीची वस्तू घरी आणल्यावर ती मनाजोगी नाही असे आढळले, तर ती परत करण्याची सोय फारशी नसते. ही उणीव भरून काढणारी युक्ती म्हणजे ‘डेमो’, म्हणजेच खेळाचा फुकट अथवा जवळपास फुकट मिळणारा, मर्यादित पण प्रत्यक्ष खेळता येणारा भाग.

डेमो ही वरवर पाहता जाहिरातीची एक तऱ्हा आहे. पण तिचा इतिहास पाहिला, तर साठवणीच्या साधनांची किंमत, विक्रेत्यांची गणिते, खेळाडूंचा अभिप्राय आणि एका नव्या कलाप्रकाराच्या जतनाचा प्रश्न हे सारे धागे तिच्यात गुंतलेले दिसतात.

कार्ट्रिजचा काळ

१९८० च्या दशकात आणि १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात कन्सोलवरील खेळ कार्ट्रिजमधून येत. भारतात घरोघरी तिला ‘कॅसेट’ म्हणत. कार्ट्रिज म्हणजे प्लास्टिकच्या आवरणात बसवलेली इलेक्ट्रॉनिक पाटी. तिच्यातील स्मृती-चिपची किंमत खेळाच्या निर्मितिखर्चात मोठा वाटा उचलत असे. अशी वस्तू नमुना म्हणून फुकट वाटणे कोणत्याही कंपनीला परवडणारे नव्हते. त्यामुळे नमुना घरी येत नसे, खेळाडूलाच नमुन्याकडे जावे लागे. अमेरिका, युरोप व जपानमधील मोठ्या दुकानांत कन्सोल बसवलेले उंच खोके उभे असत. तेथे रांगेत थांबून मुले काही मिनिटे खेळत. अमेरिकेत कार्ट्रिज भाड्याने आणण्याची प्रथाही रुजली होती. शनिवार-रविवारपुरता आणलेला खेळ हाच अनेकांचा डेमो होता.

भारतात अधिकृत कन्सोल आणि अधिकृत खेळ यांची बाजारपेठ त्या वेळी जवळजवळ नव्हती. जपानी फॅमिकॉम यंत्राच्या नकला व एकाच कार्ट्रिजमध्ये शेकडो-हजारो खेळ असल्याचा दावा करणाऱ्या कॅसेटी यांवरच त्या पिढीची हौस भागली. ताशी पैसे देऊन खेळायची दुकाने शहरोशहरी होती. या व्यवस्थेत ‘विकत घेण्याआधी पाहणे’ हा प्रश्नच उद्भवत नसे, कारण मूळ निर्मात्याकडून कोणी काही विकत घेतच नव्हते.

नमुन्याची कल्पना खऱ्या अर्थाने वाढली ती वैयक्तिक संगणकावर. फ्लॉपीच्या प्रती काढणे स्वस्त होते. त्यातून ‘शेअरवेअर’ ही पद्धत रूढ झाली. खेळाचा पहिला भाग फुकट, तो मित्रांना देण्याची मुभा, आणि पुढचे भाग हवे असतील तर पैसे. आयडी सॉफ्टवेअरचा ‘वोल्फेन्स्टाइन ३-डी’ (१९९२) आणि १० डिसेंबर १९९३ रोजी आलेला ‘डूम’ हे याच मार्गाने जगभर पोहोचले. ‘डूम’चा संपूर्ण पहिला अध्याय फुकट होता. तो खेळून ज्यांची भूक चाळवली त्यांनी पुढचे अध्याय मागवले. नमुना पुरेसा मोठा आणि पुरेसा चांगला असला तर तो विक्रीला मारत नाही, वाढवतो, हा धडा उद्योगाने येथे घेतला.

कन्सोलवर याच सुमारास दूरवितरणाचे काही प्रयोग झाले. अमेरिकेत डिसेंबर १९९४ मध्ये सुरू झालेल्या ‘सेगा चॅनेल’ने केबल वाहिनीच्या तारेतून मासिक वर्गणीवर खेळ व डेमो जेनेसिस यंत्रापर्यंत पोहोचवले. जपानमध्ये १९९५ साली निन्टेन्डोने ‘सॅटेलाव्ह्यू’ या जोडयंत्राद्वारे उपग्रहावरून खेळ पाठवले. दोन्ही सेवा काळाच्या पुढे होत्या आणि दोन्ही बंद पडल्या. नमुना तारेतून घरी येऊ शकतो, हे मात्र त्यांनी सिद्ध केले.

तबकडीने उघडलेले दार

३ डिसेंबर १९९४ रोजी सोनीचे पहिले प्लेस्टेशन जपानमध्ये विक्रीस आले. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये ते अमेरिका व युरोपात पोहोचले. त्यातले खेळ कॉम्पॅक्ट डिस्कवर होते. कार्ट्रिजच्या तुलनेत तबकडी छापण्याचा खर्च नगण्य होता. हा तांत्रिक फरक डेमोच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा टप्पा ठरला. युरोपात कन्सोलच्या खोक्यातच ‘डेमो वन’ नावाची तबकडी मिळे. तिच्यातील हलता-डुलता टायरॅनोसॉरस रेक्स हा खेळ नव्हता, यंत्राची ताकद दाखवणारे प्रात्यक्षिक होते. बटणे दाबून त्याची मान वळवणे आणि जबडा उघडणे एवढेच त्यात करता येई. तरीही एका पिढीच्या मनात नव्या यंत्राची पहिली आठवण म्हणून तो डायनासोरच राहिला.

नोव्हेंबर १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये प्लेस्टेशनचे अधिकृत मासिक सुरू झाले आणि मुखपृष्ठाला चिकटवलेली डेमो-तबकडी हे त्याचे मुख्य आकर्षण बनले. अमेरिकेत असेच अधिकृत मासिक १९९७ च्या शरद ऋतूत निघाले आणि २००७ च्या आरंभी बंद पडले. महिन्याला पाच-सात खेळांचा एकेक टप्पा घरी येई. खिशात पैसे नसलेल्या मुलांसाठी ती तबकडी म्हणजेच महिनाभराचा खेळ होता. एकच शर्यत, एकच मैदान, एकच लढाई पुन्हापुन्हा खेळून मुले तिच्यातला प्रत्येक कोपरा पाठ करत.

या तबकड्यांनी आणखी एक काम केले. सोनीने १९९७ साली हौशी मंडळींसाठी ‘नेट यारोझे’ नावाचे काळ्या रंगाचे प्लेस्टेशन विकले. त्यावर स्वतःचे छोटे खेळ रचता येत. अशा हौशी निर्मात्यांचे खेळ ब्रिटिश मासिकाच्या तबकड्यांवर मोठ्या कंपन्यांच्या डेमोंच्या शेजारी झळकले. दुकानात ज्यांना कधीच जागा मिळाली नसती अशांना डेमो-तबकडीने व्यासपीठ दिले.

भारतातील वाचकांना याच पद्धतीचा परिचय संगणकाच्या मासिकांतून झाला. ‘डिजिट’सारख्या मासिकांसोबत येणाऱ्या सीडी आणि पुढे डीव्हीडी यांवर उपयुक्त सॉफ्टवेअरबरोबर खेळांचे डेमोही असत. मंद इंटरनेटच्या काळात शेकडो एमबीची फाइल उतरवून घेणे अशक्यप्राय होते. त्यामुळे मासिकाची तबकडी हाच लहान-मोठ्या शहरांतील मुलांसाठी नव्या खेळांकडे उघडणारा झरोका होता.

तबकडी सदैव निर्धोक होती असे नाही. २००४ च्या अखेरीस अमेरिकेत वाटल्या गेलेल्या प्लेस्टेशन २ च्या एका डेमो-तबकडीतील दोषामुळे ‘व्ह्यूटिफुल जो २’चा नमुना सुरू करताच यंत्राला जोडलेल्या मेमरी कार्डावरील सारी साठवण पुसली जाई. अनेक महिन्यांच्या खेळाची प्रगती त्या कार्डावर असे. नमुना फुकट असला तरी त्याची चाचणी विक्रीच्या मालाइतकीच काटेकोर हवी, हे या प्रसंगाने उद्योगाला दाखवले.

डेमोसाठी विकत घेतलेले खेळ

उत्सुकता अनावर झाली की नमुना हाच माल बनतो. जपानी कंपनी स्क्वेअरने ऑगस्ट १९९६ मध्ये ‘टोबाल नंबर वन’ हा मारामारीचा खेळ जपानमध्ये प्रकाशित केला. त्याच्यासोबत ‘फायनल फँटसी ७’चा खेळता येणारा डेमो होता. मूळ खेळ ३१ जानेवारी १९९७ रोजी आला. तोपर्यंत तो चाखण्याचा मार्ग हाच होता.

कोनामीने २००१ साली ‘झोन ऑफ द एंडर्स’ या खेळासोबत ‘मेटल गिअर सॉलिड २’च्या जहाजावरील आरंभीच्या भागाचा डेमो दिला. अनेक ग्राहकांनी मुख्य खेळ बाजूला ठेवून डेमोची तबकडीच आधी यंत्रात घातली. मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २००७ मध्ये ‘क्रॅकडाउन’ विकताना ‘हेलो ३’च्या बहुखेळाडू चाचणीत प्रवेश देण्याचे आमिष जोडले. या उदाहरणांत एक नवाच व्यवहार दिसतो. प्रसिद्ध खेळाच्या नमुन्याच्या आधारे कमी परिचित खेळ लोकांच्या घरात शिरला, आणि त्यातले काही पुढे स्वतःच्या गुणांवरही टिकले.

याची दुसरी बाजू अशी की, नमुन्यासाठी पैसे घेण्याची सवयही येथूनच लागली. ‘ग्रॅन टुरिस्मो ५ प्रोलॉग’, ‘डेड रायझिंग २ : केस झिरो’ (२०१०), ‘मेटल गिअर सॉलिड ५ : ग्राउंड झिरोज’ (२०१४) ही स्वतंत्रपणे विकली गेलेली प्रस्तावनाच होती. २०२५ साली निन्टेन्डो स्विच २ सोबत आलेली यंत्र-परिचयाची ‘वेलकम टूर’ही फुकट नव्हती आणि त्यावर टीका झाली. पहिल्या प्लेस्टेशनच्या खोक्यातला डायनासोर आठवणाऱ्यांना हा फरक विशेष जाणवला.

जाळ्यावरून घरात

२२ नोव्हेंबर २००५ रोजी एक्सबॉक्स ३६० विक्रीस आले आणि त्याच्यासोबत खेळ, चित्रफिती व डेमो उतरवून घेण्याची ऑनलाइन बाजारपेठही. भारतात हे यंत्र २००६ साली, तर प्लेस्टेशन ३ हे २००७ साली अधिकृतपणे पोहोचले. मायक्रोसॉफ्टने ‘एक्सबॉक्स लाइव्ह आर्केड’ या विभागातील लहान खेळांसाठी एक कडक नियम केला होता. प्रत्येक खेळाची चाचणी-आवृत्ती फुकट उपलब्ध असलीच पाहिजे. खेळाडू आधी खेळून पाही आणि आवडल्यास तेथेच पैसे भरून उरलेला भाग उघडी. ग्राहकाच्या दृष्टीने हा काळ सुगीचा होता. पुढच्या पिढीच्या यंत्रावर हा नियम राहिला नाही आणि डेमोंची संख्या घटली.

सोनीने जून २०१० मध्ये ‘प्लेस्टेशन प्लस’ ही वर्गणी-सेवा सुरू करताना पूर्ण खेळ एक तासापुरता देण्याची योजना आणली. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने २०१४ पासून आपल्या वर्गणीदारांना नवे खेळ ठरावीक तासांसाठी खुले केले. २०२२ साली प्लेस्टेशन प्लसची पुनर्रचना झाली. तेव्हा वरच्या श्रेणीत, म्हणजे भारतात ‘डिलक्स’ या नावाने मिळणाऱ्या श्रेणीत, काही खेळांच्या मर्यादित वेळेच्या चाचण्या आल्या. ‘सायबरपंक २०७७’ पाच तास खेळून पाहता येई. घाऊक किंमत ३४ डॉलर किंवा अधिक असलेल्या खेळांसाठी किमान दोन तासांची चाचणी देणे निर्मात्यांना बंधनकारक होणार, असे वृत्त त्याच सुमारास प्रसिद्ध झाले होते.

येथे एक सूक्ष्म बदल घडला. पूर्वी डेमो सर्वांना फुकट होता. आता चाचणीसाठीही आधी वर्गणी भरावी लागते.

निर्माते डेमो का टाळतात

खेळाडूला वाटते, खेळ तयारच आहे, त्यातला तुकडा कापून द्यायला काय हरकत? प्रत्यक्षात तो तुकडा स्वतंत्रपणे शिवावा लागतो. खेळाच्या मधला एखादा भाग निवडला, तर आधीच्या भागात शिकवलेल्या हालचाली तेथे नव्याने समजावून सांगाव्या लागतात. पुढची दारे बंद करावी लागतात. फाइलींत दडलेली गुपिते कोणी उकरून काढू नये याची तजवीज करावी लागते. मग कन्सोल-कंपनीच्या तपासणीतून ही आवृत्ती वेगळी पार करावी लागते. हे सारे काम नेमके अशा वेळी येते, जेव्हा मूळ खेळ पूर्ण करण्याची घाई शिगेला पोहोचलेली असते. मोठ्या कंपनीला यासाठी माणसे वेगळी काढता येतात. पाच-दहा जणांच्या चमूला ते जड जाते.

दुसरे कारण विक्रीचे. खेळरचनेचे अभ्यासक जेसी शेल यांनी २०१३ च्या डाइस परिषदेतील व्याख्यानात ईईडीएआर या बाजार-संशोधन संस्थेची आकडेवारी मांडली. एक्सबॉक्स ३६० वरील खेळांमध्ये, ज्यांची चित्रफीत आली पण डेमो आला नाही, त्यांची विक्री सर्वाधिक दिसली. डेमो आणि चित्रफीत दोन्ही असलेले खेळ मागे होते. त्यांचे स्पष्टीकरण सोपे होते. चित्रफीत कुतूहल जागवते, डेमो ते शमवतो. ज्याला खेळ आवडत नाही तो डेमो पाहून थांबतो, आणि ज्याला आवडतो त्यापैकीही काहींचे समाधान डेमोवरच होते.

या आकड्यांवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, ही गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. ज्या खेळांची हवा आधीच मोठी असते, त्यांना डेमोची गरज नसते. ज्यांच्याविषयी शंका असते तेच डेमोचा आधार घेतात. शिवाय विक्रेत्याचा तोटा हा बहुधा ग्राहकाचा लाभ असतो. डेमो खेळून ज्याने नको असलेला खेळ घेतला नाही, त्याचे पैसे वाचले.

दाखवण्याचे प्रात्यक्षिक आणि खेळण्याचा डेमो यांतील फरकही येथेच महत्त्वाचा ठरतो. २०१३ साली आलेल्या ‘एलियन्स : कलोनियल मरीन्स’ या खेळाची आधी दाखवलेली प्रात्यक्षिके प्रत्यक्ष खेळाहून कितीतरी सरस होती. ग्राहकांनी अमेरिकेत त्याविरुद्ध दावा दाखल केला, तर ब्रिटनच्या जाहिरात-मानक संस्थेकडे तक्रारी गेल्यावर चित्रफितींना तसा खुलासा जोडण्याचे प्रकाशकांनी मान्य केले. ज्याच्या हातात नियंत्रक दिला जात नाही, त्याला केवळ चित्र दिसते. नियंत्रक हाती आला की चित्रामागचे वास्तव उघडे पडते. खेळता येणाऱ्या डेमोचे खरे मोल तेथे आहे.

अभिप्रायासाठी डेमो

गेल्या दशकात डेमोचे एक नवे रूप पुढे आले. खेळ पूर्ण होण्याच्या कितीतरी आधी नमुना देऊन खेळाडूंचे मत मागवायचे. स्क्वेअर एनिक्सने सप्टेंबर २०१७ मध्ये निन्टेन्डो स्विचवर ‘ऑक्टोपाथ ट्रॅव्हलर’चा नमुना ठेवला आणि खेळणाऱ्यांना प्रश्नावली पाठवली. पात्रांना धावता यावे, कथेचे प्रसंग वगळता यावेत, साठवणीच्या जागा वाढाव्यात अशा सूचना आल्या. त्यांतल्या कोणत्या स्वीकारल्या हे निर्मात्यांनी जाहीर चित्रफितीतून सांगितले. जून २०१८ मध्ये दुसरा डेमो आला. तीन तास खेळता येईल आणि तेथवरची प्रगती मूळ खेळात नेता येईल अशी त्यात सोय होती. १३ जुलै २०१८ रोजी खेळ प्रकाशित झाला आणि लवकरच त्याने १० लाखांचा टप्पा ओलांडला.

त्याच कंपनीने ‘फायनल फँटसी १५’चा ‘एपिसोड डस्काय’ हा डेमो मार्च २०१५ मध्ये दिला. तक्रारी आल्यावर जूनमध्ये त्याचीच सुधारित आवृत्ती प्रसिद्ध केली. डेमोचीही दुसरी आवृत्ती निघावी, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती.

प्रगती पुढे नेता येणे ही सोय आता अनेक भूमिका-खेळांच्या डेमोंत दिसते. ‘ड्रॅगन क्वेस्ट ११ एस’चा २०१९ मधील नमुना कित्येक तास पुरणारा होता. जून २०२३ मध्ये आलेल्या ‘फायनल फँटसी १६’च्या डेमोतही आरंभीची प्रगती जपली जाई. यामुळे डेमोवर घालवलेला वेळ वाया जात नाही, आणि चार तास गुंतलेला खेळाडू खेळ विकत घेण्याची शक्यताही वाढते. ग्राहकाची सोय आणि विक्रेत्याचा स्वार्थ येथे एकत्र नांदतात.

कॅपकॉमने उलट मार्गाने जाऊन टंचाईलाच आकर्षण बनवले. जानेवारी २०१९ मधील ‘रेसिडेंट ईव्हिल २’चा ‘वन-शॉट’ डेमो एका खात्यावर अवघी ३० मिनिटे चाले. त्याआधी २०१६ साली ‘रेसिडेंट ईव्हिल ७’साठी दिलेला ‘बिगिनिंग अवर’ हा मूळ खेळाचा भागच नव्हता. त्यात सापडणाऱ्या बाहुलीच्या बोटाचा उपयोग काय, हे कोडे खेळाडूंना महिनोन्महिने सुटले नाही. वर्षअखेरीस आलेल्या सुधारित आवृत्तीत त्याचा उलगडा झाला.

नाहीसा झालेला नमुना

डेमोच्या इतिहासातील सर्वांत चटका लावणारे प्रकरण ‘पी.टी.’चे आहे. १२ ऑगस्ट २०१४ रोजी प्लेस्टेशन ४ वर एका अपरिचित निर्मितिसंस्थेच्या नावाने हा फुकट नमुना प्रकटला. घरातली एक वळणाची मार्गिका, तिच्या टोकाचे दार, आणि दार उघडले की पुन्हा तीच मार्गिका. प्रत्येक फेरीत काहीतरी थोडे बदललेले. कोडे सुटल्यावर कळे की, संस्थेचे नाव खोटे आहे. हा हिदेओ कोजिमा आणि चित्रपट-दिग्दर्शक गिलेर्मो देल तोरो यांच्या ‘सायलेंट हिल्स’ या येऊ घातलेल्या खेळाचा नमुना होता.

तो खेळ कधीच आला नाही. एप्रिल २०१५ मध्ये कोनामीने प्रकल्प रद्द केला, नमुना दुकानातून काढला आणि ज्यांनी तो आधी घेतला होता त्यांनाही पुन्हा उतरवून घेण्याची वाट बंद केली. ज्या यंत्रांवर तो शिल्लक होता ती यंत्रे चढ्या भावाने विक्रीला निघाली. प्लेस्टेशन ५ वरही तो चालत नाही. भयखेळांच्या पुढच्या अनेक निर्मात्यांवर ज्याचा प्रभाव पडला, अशी ही कृती आज केवळ काही जुन्या यंत्रांच्या साठवणीत उरली आहे.

हा प्रश्न एका खेळापुरता नाही. मासिकांच्या तबकड्या आजही जुन्या बाजारात मिळतात व चालतात. उतरवून घेतलेला डेमो मात्र कंपनीच्या संगणकावर जिवंत असेपर्यंतच जिवंत. २७ मार्च २०२३ रोजी निन्टेन्डोने थ्री-डीएस व वी यू या यंत्रांची ऑनलाइन दुकाने बंद केली. तेव्हा विक्रीबरोबर तेथील फुकट डेमोही मिळेनासे झाले. पुष्कळ डेमोंत मूळ खेळात नसलेले प्रसंग, वेगळे संगीत, अर्धवट राहिलेल्या कल्पना असतात. हस्तलिखिताच्या खाडाखोडीतून जसा लेखकाचा विचार दिसतो, तसा त्यांतून निर्मितीचा प्रवास दिसतो. तो पुसला जाणे ही त्या कलेच्या इतिहासाची हानी आहे.

पुण्याची ‘राजी’

मराठी वाचकांना जवळचे वाटावे असे एक उदाहरण पुण्याचे आहे. तेथील नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा खेळ घडवला. देव-दानवांच्या युद्धात हरवलेल्या भावाचा शोध घेणारी मुलगी, राजस्थानी वास्तुशैलीचे महाल आणि पहाडी चित्रशैलीचे रंग ही त्याची ओळख. २०१७ साली लोकवर्गणीतून पैसा उभा करण्याचा प्रयत्न फसला, तरी काम थांबले नाही.

जुलै २०२० मध्ये, जगभरचे मेळावे महामारीमुळे रद्द झाले असताना, मायक्रोसॉफ्टने एक आठवडा एक्सबॉक्स वन वर अनेक आगामी खेळांचे डेमो खुले केले. दरवर्षी मेळाव्याच्या दालनात पत्रकार व निमंत्रितांना मिळणारा अनुभव या वेळी घरच्या कन्सोलवर आला. त्या यादीत ‘राजी’ही होती. ऑगस्टमध्ये ती निन्टेन्डो स्विचवर आणि ऑक्टोबरमध्ये इतर यंत्रांवर प्रकाशित झाली. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम खेळासाठी तिला नामांकन मिळाले. जाहिरातीवर कोट्यवधी खर्च करू न शकणाऱ्या चमूला जगभरच्या खेळाडूंच्या घरात प्रवेश मिळवून देण्याचे सामर्थ्य डेमोत आहे, हे यावरून दिसते. मोठ्या प्रकाशकांसाठी डेमो ऐच्छिक असतो. लहानांसाठी तो बहुधा अत्यावश्यक ठरतो.

डेमो पारखताना

शितावरून भाताची परीक्षा, ही म्हण येथे अर्धीच लागू पडते. भातातले शीत चाखणारा स्वतः उचलतो. डेमोतले शीत विक्रेत्याने निवडून दिलेले असते. म्हणून परीक्षा डोळसपणे करावी लागते.

पहिली गोष्ट म्हणजे डेमोचा प्रकार ओळखणे. तो खेळाचा आरंभ आहे, मधला तुकडा आहे, वेळेची मर्यादा असलेला संपूर्ण खेळ आहे, की केवळ वातावरण दाखवणारी स्वतंत्र कृती? आरंभीच्या भागावरून पुढच्या चाळीस तासांचा वेग कळत नाही. मधल्या तुकड्यावरून कथा कळत नाही. वेळेची चाचणी सर्वांत प्रामाणिक, पण तिचे घड्याळ केव्हा सुरू होते ते आधी वाचावे. २०२१ साली ब्रिटनमध्ये प्लेस्टेशनवर दिलेल्या दोन चाचण्यांत फाइल उतरवायला सुरुवात करताच वेळ मोजला जाऊ लागला होता. जेथे इंटरनेट मंद आहे वा पावसाळ्यात वीज वारंवार जाते, तेथे अशा अटीने निम्मी चाचणी फाइल येईपर्यंतच संपू शकते.

दुसरी गोष्ट आपल्या घराची. डेमो हा खेळाइतकाच आपल्या साधनांचीही परीक्षा घेतो. बैठकीच्या खोलीतून उपशीर्षकांची अक्षरे वाचता येतात का, दोघांनी एकाच पडद्यावर खेळण्याची सोय आहे का, सावल्या व हालचाल पाहून डोके गरगरते का, हे कोणत्याही परीक्षणातून कळत नाही. मुलांसाठी खेळ घ्यायचा असेल तर पालकांनी अर्धा तास शेजारी बसून तो पाहावा. वयोगटाच्या शिक्क्यापेक्षा ते अधिक बोलके असते.

तिसरी गोष्ट साठवण आणि डेटा. आजचे डेमो अनेक जीबींचे असतात. मोबाइलच्या जाळ्यावरून ते उतरवण्यापूर्वी आपल्या योजनेची मर्यादा पाहावी. खेळून झाल्यावर यंत्रातली जागा मोकळी करावी. मात्र प्रगती मूळ खेळात नेता येणार असेल, तर साठवण-फाइल जपून ठेवावी.

चौथी गोष्ट परताव्याची. प्लेस्टेशनच्या ऑनलाइन दुकानात खरेदीपासून १४ दिवसांत पैसे परत मागता येतात, पण खेळ उतरवायला सुरुवात केलेली नसेल तरच. म्हणजे खेळून पाहून परत करणे तेथे शक्य नाही. निन्टेन्डोच्या दुकानातील विक्री सामान्यतः अंतिम मानली जाते. संगणकावरील स्टीमने २०१५ पासून १४ दिवसांच्या आत व दोन तासांहून कमी खेळलेला खेळ परत घेण्याची पद्धत ठेवली आहे. त्यामुळे तेथे जवळपास प्रत्येक खेळाला दोन तासांचा अघोषित डेमो मिळतो. कन्सोलवर तशी सरसकट सोय नसल्याने तेथे डेमोचे महत्त्व अधिक.

शेवटची गोष्ट आवृत्तीची. प्रकाशनाच्या सहा महिने आधीचा डेमो अडखळत असेल तर खेळ सुधारण्यास वाव असतो. आठवडाभर आधीचा डेमो अडखळत असेल तर तेच अंतिम रूप समजावे.

डेमोने खेळाडूला दिलेली देणगी तशी साधी आहे. पैसे मोजण्यापूर्वी वस्तू आपल्या हातात घेऊन पाहण्याचा तो हक्क आहे, जो इतर बहुतेक बाजारांत ग्राहक गृहीतच धरतो. कन्सोलच्या जगात तो हक्क तबकडीच्या स्वस्ताईने आला, जाळ्यावर काही वर्षे नियम म्हणून नांदला आणि आता कधी वर्गणीच्या आड, कधी मुदतीच्या आड गेला आहे. नवा खेळ घेण्यापूर्वी दुकानाच्या पानावर ‘डेमो’ अथवा ‘ट्रायल’ हा पर्याय आहे का, एवढे पाहण्यास अर्धे मिनिट लागते. तो पर्याय असेल तर एक संध्याकाळ त्याला द्यावी. नसेल, तर पहिल्याच दिवशी किंमत मोजण्याची घाई न करता काही आठवडे थांबावे. खेळ कुठे जात नाही, आणि किंमत बहुधा खालीच येते.